शिफारस करणाऱ्याचं काय जातं?

ऑनलाइन मागवलेल्या इअरफोनच्या किंवा मिक्सरच्या खोक्यात हल्ली वॉरंटी कार्डाशेजारी आणखी एक गुळगुळीत, रंगीत कार्ड निघतं. वर पाच पिवळे तारे, मध्ये क्यूआर कोड आणि खाली दोन ओळी: पाच स्टार द्या, रिव्ह्यूचा स्क्रीनशॉट या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा, शंभर रुपये खात्यात जमा होतील. मिक्सर अजून एकदाही फिरलेला नसतो. तरी काम दोन मिनिटांचं, वस्तू दिसायला बरी आणि शंभर रुपये कुणाला नको असतात? म्हणून पुष्कळ जण ते करून टाकतात. दोन दिवसांनी नाशिकमध्ये किंवा नांदेडमध्ये दुसरं कुणीतरी तोच मिक्सर घ्यावा की नाही या विचारात असतं. 'उत्तम वस्तू, पैसे वसूल' ही ओळ त्याच्या वाचनात येते. ज्याचा यात काही लाभ नाही अशा माणसाने ती लिहिली आहे असं समजून तो पैसे भरतो. शंभर रुपयांचा व्यवहार त्याला कुठेच दिसत नाही.

मिक्सरपुरतंच हे असतं तर एवढं लिहायचं कारण नव्हतं. पण गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर, मुलासाठी नीटचा क्लास, पुण्यात शिकायला निघालेल्या मुलीसाठी पीजी, निवृत्तीची पुंजी ठेवायला फंड, हे सगळंच आज अनोळखी माणसांच्या शिफारशीवर ठरू लागलं आहे. जाहिरातीवर लोकांचा फारसा विश्वास उरलेला नाही. इतर लोक काय म्हणतात यावर आहे. जाहिरातदारांनी हे केव्हाच ओळखलं, आणि आता जाहिरातीचा पैसा लोकांच्याच तोंडून बोलतो. शिफारशीला वजन येतं ते शिफारस करणाऱ्याने स्वतःचं काहीतरी पणाला लावलेलं असतं म्हणून. ऑनलाइन बाजाराने शिफारस उचलली, तिचा आकडा केला आणि पणाला लावलेली गोष्ट मागे टाकून दिली. ती परत आणल्याशिवाय ताऱ्यांवर विश्वास ठेवणं धोक्याचं आहे.

लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थाकडे पाहावं. 'मुलगा निर्व्यसनी आहे, माझ्या माहितीतला आहे' असं सांगणारा गृहस्थ पुढची तीस वर्षं दोन्ही घरच्या बारशांत, मुंजींत समोरासमोर येणार असतो. मुलगा दारुडा निघाला तर 'तुमच्या शब्दावर मुलगी दिली होती' हे त्याला मान खाली घालून ऐकावं लागतं. म्हणून तो जपून बोलतो. जिथे खात्री नसते तिथे 'मला फारसं ठाऊक नाही, तुम्ही तुमच्या परीने चौकशी करा' एवढंच सांगतो, आणि ऐकणारा त्यातून काय समजायचं ते समजतो.

अनोळखी माणसांच्या बाजारात हा मध्यस्थ नसला तर काय होतं, हे अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवलं. गाडीत काय खोट आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. घेणारा मग प्रत्येकच गाडीला संशयाने कमी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो आणि खराब गाड्या उरतात. म्हणजे अविश्वासाचा पहिला मार प्रामाणिक विक्रेत्याला बसतो. या विचारासाठी अकरलॉफ यांना २००१मध्ये नोबेल मिळालं. पण त्याआधीच, १९९५मध्ये, पिएर ओमिद्यार यांनी जे संकेतस्थळ सुरू केलं आणि ज्याचं पुढे ईबे झालं, तिथे हा प्रश्न रोजच्या व्यवहारात उभा राहिला होता. हजारो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या माणसाला आधी पैसे का पाठवायचे? ओमिद्यार यांनी १९९६मध्ये घेणाऱ्याने आणि विकणाऱ्याने एकमेकांबद्दल जाहीर अभिप्राय लिहायची सोय केली. ती चालली. अनोळखी माणसं एकमेकांशी प्रामाणिकपणे वागू शकतात हे तिने दाखवून दिलं आणि ही लहान गोष्ट नव्हती.

तिच्यातली खोट हळूहळू कळली. ग्राहकाने वाईट अभिप्राय दिला की विक्रेता उलट त्याला वाईट अभिप्राय देई. आपल्या नावाला बट्टा लागेल या भीतीने फसलेले ग्राहकही गप्प बसू लागले. शेवटी २००८मध्ये ईबेला विक्रेत्यांचा वाईट अभिप्राय देण्याचा हक्क काढून घ्यावा लागला. खरं बोलण्याची किंमत मोजावी लागली की माणसं गोड बोलतात. जगभरच्या रेटिंग व्यवस्थांनी हा अनुभव पुढे पुन्हापुन्हा घेतला आहे.

तरीही या व्यवस्थेने केलेलं भलं नाकारून चालणार नाही. हार्वर्डचे मायकेल लुका यांनी सिएटलमधल्या उपाहारगृहांचा अभ्यास केला. त्यांना असं दिसलं, की येल्प या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावर एक तारा वाढला की उपाहारगृहाचं उत्पन्न पाच ते नऊ टक्क्यांनी वाढतं. त्यातही महत्त्वाचं हे, की वाढ स्वतंत्र, एकट्या मालकाच्या उपाहारगृहांची होती. साखळी हॉटेलांवर ताऱ्यांचा परिणाम नव्हता. कारण उघड आहे. साखळी हॉटेलचं नाव आधीच ठाऊक असतं, कोपऱ्यावरच्या खानावळीचं नसतं. मालवणातल्या एखाद्या घरगुती खानावळीकडे किंवा तारकर्लीच्या होमस्टेकडे जाहिरातीला पैसे नसतात. डोंबिवलीच्या कुटुंबाला तिथवर नेण्याचं काम आज रिव्ह्यू करतात. ज्याच्यामागे भांडवल नाही अशा चांगल्या माणसाला गिऱ्हाईक मिळवून देणारी ही सोय आहे. ती नासली तर नुकसान त्याचंच व्हायचं आहे, आणि म्हणूनच तिची काळजी करायला हवी.

पण ज्या ताऱ्याने उत्पन्न वाढतं, तो तारा विकत घ्यायला माणसं तयार होणारच. २०१५मध्ये अ‍ॅमेझॉनने १,११४ जणांविरुद्ध अमेरिकेत दावा लावला. पाच-पाच डॉलरला खोटे रिव्ह्यू लिहून देऊ, असा जाहीर धंदा ही मंडळी करत होती. पुढे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी फेसबुकवरच्या गटांचा माग काढला. त्या गटांत विक्रेते ग्राहक शोधत. ग्राहकाने वस्तू स्वतःच्या पैशाने घ्यायची, पाच तारे द्यायचे, मग विक्रेता सगळी रक्कम परत करणार. प्रत्यक्ष खरेदी झालेली असल्यामुळे रिव्ह्यूवर 'खात्रीची खरेदी' अशी मोहोरही उमटे. अशा सुमारे दीड हजार वस्तूंवर संशोधकांनी लक्ष ठेवलं. रिव्ह्यू विकत घेतले जात होते तोवर रेटिंग आणि विक्री वाढली. खरेदी थांबताच एका ताऱ्याचे रिव्ह्यू वाढू लागले. ते लिहिणारे होते मधल्या काळात फसलेले खरे ग्राहक. त्यांच्या तक्रारी आल्या तोवर विक्रेत्याचा माल खपून गेला होता.

सगळ्यांत धडधडीत प्रयोग लंडनच्या उबा बटलर या तरुण पत्रकाराने केला. एके काळी तो उपाहारगृहांसाठी दहा पौंडांना एक याप्रमाणे खोटे रिव्ह्यू लिहीत असे. २०१७मध्ये त्याने दक्षिण लंडनच्या डलिच भागातल्या आपल्या घरामागच्या शेडलाच उपाहारगृह म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवलं. पदार्थांचे फोटो शेव्हिंग क्रीम वगैरे वापरून काढले. ओळखीच्यांकडून रिव्ह्यू लिहून घेतले. टेबल मागणाऱ्या प्रत्येकाला 'जागा नाही' असं सांगितलं. नोव्हेंबरमध्ये ही शेड लंडनच्या अठरा हजारांहून अधिक उपाहारगृहांत पहिल्या क्रमांकावर पोचली. तोवर तिथे एकाही गिऱ्हाइकाने घास घेतलेला नव्हता.

हा प्रकार ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर का जमला, याचं उत्तर दिना मेझलिन, यानिव डोव्हर आणि ज्युडिथ शेव्हलिए यांच्या २०१४च्या अभ्यासात आहे. एकाच हॉटेलचे रिव्ह्यू त्यांनी दोन ठिकाणी ताडून पाहिले. ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर कुणालाही लिहिता येत होतं. एक्सपिडियावर ज्याने तिथून खोली घेतली त्यालाच. जिथे मोकळं रान होतं तिथे खोटेपणाच्या खुणा जास्त होत्या, आणि ज्या हॉटेलच्या शेजारी एकट्या मालकाचं प्रतिस्पर्धी हॉटेल होतं त्याला वाईट रिव्ह्यूही जास्त मिळत होते. खोटं लिहायला खोलीचं भाडं मोजावं लागलं की खोटं कमी होतं. लबाडी पुरती थांबवता येत नसली तरी ती महाग करता येते, हा या अभ्यासाचा खरा लाभ आहे.

खोट्या रिव्ह्यूंच्या या कारखान्यात राबणारी माणसंही बहुधा गरजू असतात, आणि त्यांचीच सर्वांत क्रूर फसवणूक झालेली महाराष्ट्राने पाहिली आहे. साधारण २०२३पासून पुण्या-मुंबईच्या सायबर पोलिसांकडे 'टास्क फ्रॉड'च्या तक्रारींची रीघ लागली. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप येतो: घरबसल्या काम, यूट्यूबचे व्हिडिओ लाइक करा, हॉटेलांना गुगल मॅपवर पाच तारे द्या, प्रत्येकी पन्नास रुपये मिळवा. पहिले दीडशे, पाचशे रुपये खरोखर खात्यात येतात. मग टेलिग्रामच्या गटात घेतलं जातं, तिथे इतर जण आपल्या कमाईचे स्क्रीनशॉट टाकत असतात, आणि 'प्रीपेड टास्क'साठी आधी पाच हजार, मग पन्नास हजार, मग काही लाख भरायला लावले जातात. गटातले ते इतर जण टोळीतलेच असतात. चांगल्या पगाराचे अभियंतेही यात बुडाले. पाच तारे देऊन पैसे मिळणं ही गोष्ट इतकी सर्वसाधारण झाली होती, की त्यात काही वावगं असेल अशी शंकाही अनेकांना आली नाही.

खोटे रिव्ह्यू सगळे पुसून टाकले तरी प्रश्न संपत नाही. खऱ्या माणसांचं खरं मतही आकड्यात उतरताना फुगतं. एअरबीएनबीच्या घरांचा बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५मध्ये अभ्यास केला, तेव्हा जवळपास ९५ टक्के घरांना साडेचार ते पाच तारे होते. ज्याच्या घरात राहिलो, ज्याने चहा करून दिला, त्याला तीन तारे द्यायला जीव धजत नाही. आपल्या दारात घामाने भिजलेला डिलिव्हरीचा मुलगा 'सर, फाइव्ह स्टार द्या' म्हणतो तेव्हाही हेच होतं. त्याचं काम आणि मिळकत त्या ताऱ्यांवर अवलंबून असते, हे कळत असल्यामुळे माणूस माणुसकीने पाच तारे देतो, आणि ते योग्यच आहे. पण अशा आकड्यातून पुढच्याला काय कळणार?

शिवाय माणसं आपलं मत दुसऱ्याचं पाहून बनवतात. सिनान अराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक प्रयोग मांडला. एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या एक लाखाहून अधिक प्रतिक्रियांपैकी काहींना त्यांनी अगदी सुरुवातीला एकच खोटं अनुकूल मत दिलं. अशा प्रतिक्रियांचे अंतिम गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त निघाले. खोटं प्रतिकूल मत मात्र पुढच्या वाचकांनी भरून काढलं. म्हणजे निंदेबद्दल आपण सावध असतो, स्तुतीबद्दल नसतो. पहिले दहा रिव्ह्यू विकत घेणाऱ्याला याहून अधिक काही लागत नाही. पुढची स्तुती खरी माणसं फुकट करतात.

इथे कुणी म्हणेल, की यापेक्षा आपली जुनी पद्धत बरी, ओळखीतल्यांना विचारावं. मुंबईकरांना याचं उत्तर ६ जानेवारी २०२५ रोजी दादरमध्ये मिळालं. टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानासमोर त्या दिवशी हवालदिल माणसांची गर्दी उसळली होती. मॉइसनाइट नावाचे कृत्रिम खडे घ्यायचे आणि त्यावर आठवड्याला काही टक्के परतावा मिळवायचा, अशी योजना या कंपनीने मुंबई महानगरात शाखा उघडून वर्षभर चालवली होती. आदल्या डिसेंबरच्या अखेरीस परतावा थांबला. पैसे अडकलेल्यांत भाजीविक्रेते होते, रिक्षावाले होते, नोकरदार आणि गृहिणी होत्या. या योजनेची कीर्ती पसरली ती तोंडोतोंडी. शेजारणीच्या खात्यात दर आठवड्याला पैसे जमा होताना दिसत होते. तिने स्वतःचेही पैसे घातले होते, म्हणजे तिचंही काही पणाला लागलं होतं. मग कुठे चुकलं?

चुकलं ते असं, की नवा माणूस आणला की आणणाऱ्याला बोनस होता. गाड्या, मोबाइल अशी बक्षिसं होती. शेजारणीच्या शब्दामागे आता दोन हेतू होते आणि ऐकणारीला एकच दिसत होता. शेजारीण लबाड नव्हती. तिला मनापासून ते खरं वाटत होतं, आणि बोनस मिळत असल्यामुळे शंका घ्यायची तिला निकड नव्हती. याआधी, २०११मध्ये, स्पीक एशिया प्रकरणात हेच घडलं होतं. वर्षाला ११,००० रुपये भरून सभासद व्हायचं, आठवड्याला ऑनलाइन सर्व्हे भरायचे, पैसे मिळवायचे आणि नवे सभासद आणायचे. देशभरचे सुमारे २४ लाख लोक त्यात ओढले गेले. अनोळखी माणसाच्या पाच ताऱ्यांकडे ग्राहक निदान थोड्या संशयाने पाहतो. आतेभावाने किंवा भिशीतल्या मैत्रिणीने सांगितलं की संशय घेणं हाच अपमान वाटतो. म्हणून ओळखीत घुसलेलं कमिशन सर्वांत घातक.

मोठ्या कंपन्यांनी हे रीतसर शास्त्र करून वापरलं आहे. प्रॉक्टर अँड गॅम्बलने अमेरिकेत या शतकाच्या सुरुवातीला किशोरवयीन मुलांचं आणि नंतर गृहिणींचं असं लाखोंचं जाळं उभारलं. या मुलांनी, या बायकांनी आपापल्या मैत्रिणींजवळ कंपनीच्या वस्तूंबद्दल बोलावं यासाठी त्यांना नमुने आणि कूपनं दिली जात. आपण कंपनीच्या जाळ्यात आहोत हे मैत्रिणीला सांगण्याचं बंधन नव्हतं. यावर ग्राहक संघटनेने तक्रार केली आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००६मध्ये मत दिलं, की असं नातं लपवणं ही ग्राहकाची दिशाभूल ठरू शकते.

आजचा इन्फ्लुएन्सर याच वंशातला. मात्र तो ज्या गोष्टीवर उभा आहे ती गोष्ट मुळात खरी होती. एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझर्सफेल्ड यांनी अमेरिकेतल्या डिकेटर या गावातल्या सुमारे आठशे स्त्रियांच्या पाहणीवरून १९५५मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात माणसं माध्यमांपेक्षा आपल्यातल्याच एखादीचं जास्त ऐकतात असं दाखवलं होतं. पण त्यात आणखी एक गोष्ट होती, जी जाहिरातदार सोयीने विसरतात. किराणा-बाजारात ज्या बाईचा सल्ला चाले, ती मोठ्या कुटुंबाची अनुभवी गृहिणी असे. फॅशनमध्ये तरुण मुलींचं ऐकलं जाई. एकीचा शब्द सगळीकडे चालत नसे. आता एकच चेहरा सोमवारी केसांचं तेल, बुधवारी मिसळ, शुक्रवारी फ्लॅटची योजना आणि रविवारी शेअर सुचवतो. वडापावच्या रीलवर मिळवलेला विश्वास शेअर बाजारात खर्च होतो.

त्याचं टोक सेबीच्या २ मार्च २०२३च्या आदेशात वाचायला मिळतं. साधना ब्रॉडकास्ट नावाच्या छोट्या कंपनीबद्दल जुलै २०२२मध्ये यूट्यूबवर व्हिडिओ आले. अदानी समूह ही कंपनी घेणार, अमेरिकी कंपनीशी भक्तिपर चित्रपटांचा ११०० कोटींचा करार होणार, असे दावे त्यांत होते. ते खोटे होते. पैसे मोजून हे व्हिडिओ लाखो लोकांपर्यंत पोचवले गेले. दोन हजारांच्या आसपास असलेली छोट्या भागधारकांची संख्या ५५ हजारांवर गेली आणि भाव चढलेला असताना आतल्या गोटातल्यांनी आपले शेअर विकून घेतले. सेबीने ३१ जणांना बाजारात व्यवहार करायला मनाई केली. व्हिडिओ पाहून शेअर घेणाऱ्या हजारोंच्या हाती मात्र पडलेल्या भावाचे शेअर राहिले.

याच माध्यमात उलटंही घडतं. एप्रिल २०२३मध्ये रेवंत हिमतसिंगका या तरुणाने बोर्नव्हिटातल्या साखरेबद्दल व्हिडिओ केला. कंपनीने कायदेशीर नोटीस पाठवली, त्याने व्हिडिओ काढला, माफीही मागितली. पण तोवर मुद्दा घराघरांत पोचला होता. बालहक्क आयोगाने दखल घेतली, कंपनीने पुढे साखर कमी केली, आणि एप्रिल २०२४मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली न विकण्याची सूचना दिली. त्या मुलाने कोर्टकचेरीचा धोका पत्करून पाकिटावर छापलेलंच मोठ्याने वाचून दाखवलं होतं. त्याच्या शब्दामागे काय पणाला लागलं आहे, हे लोकांना दिसत होतं.

भारतात कायदा नाही असं नाही. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून रिव्ह्यू लिहिणं निषिद्ध आहे. नोव्हेंबर २०२२मध्ये भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. त्यात लिहिणाऱ्याची ओळख तपासणं, रिव्ह्यूत फेरफार न करणं, प्रतिकूल मत न दडपणं अशा चांगल्या अटी आहेत. पण ते ऐच्छिक आहे. २०२४मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने ते सक्तीचं करण्याचा प्रस्ताव मांडला. सक्ती हाच योग्य मार्ग आहे, कारण ज्या मंचाचं उत्पन्न विक्रीवर आणि विक्रेत्यांच्या जाहिरातींवर चालतं त्याने स्वखुशीने तारे कमी करावेत ही अपेक्षा फोल आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४पासून खोटे रिव्ह्यू विकणं, विकत घेणं, अनुकूलच लिहा या अटीवर मोबदला देणं या सगळ्याला बंदी आहे आणि प्रत्येक उल्लंघनाला पन्नास हजार डॉलरहून अधिक दंड होऊ शकतो. आपल्याकडेही मंचाला थेट जबाबदार धरायला हवं: किती रिव्ह्यू काढले, कुणाचे काढले, कुठल्या विक्रेत्याला किती वेळा पकडलं, हे त्याने दर तिमाहीला जाहीर करावं.

ही घाई करण्याचं आणखी एक कारण आहे. कॉर्नेल विद्यापीठात २०११मध्ये शिकागोच्या हॉटेलांचे खरे आणि पैसे देऊन लिहून घेतलेले रिव्ह्यू माणसांपुढे ठेवले गेले. माणसांना फरक ओळखता आला नाही. त्यांचा अंदाज नाणं उडवल्याइतकाच बरोबर होता. संगणकाला मात्र बऱ्यापैकी जमलं, कारण खरं लिहिणारे बाथरूम, मजला, खोलीचा लहान आकार, भाडं याबद्दल लिहीत होते, आणि खोटं लिहिणारे नवऱ्याबद्दल, सुट्टीबद्दल, एकूण अनुभवाबद्दल. जो गेलाच नाही त्याला बाथरूमबद्दल सांगण्यासारखं काय असणार? आता लिहिणारी यंत्रं आली आहेत. ती बाथरूमचंही वर्णन करतील आणि तेही चांगल्या मराठीत. भाषेवरून खोटं ओळखण्याचे दिवस संपत आले आहेत. उरतो तो एकच प्रश्न: लिहिणारा कोण आणि चुकलं तर त्याचं काय जातं?

या प्रश्नाचं एक उत्तर मराठी माणसांनी पन्नास वर्षांपूर्वीच शोधलं होतं. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचा, महिन्याची मागणी एकत्र नोंदवायची, संस्थेने माल पाहून-पारखून घाऊक घ्यायचा आणि तो गटात वाटून घ्यायचा. निवड करणारे कार्यकर्ते त्याच डाळीची आमटी आपल्या घरी करत होते. डाळीत खडे निघाले तर जाब विचारणारी बाई पुढच्या वाटपाला समोर उभी असे. हजारो कुटुंबांचा विश्वास असा उभा राहिला, जाहिरातीशिवाय. अमेरिकेत १९३६पासून चालत आलेलं 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' याच धर्तीचं काम करतं. जाहिराती घेत नाही, आणि तपासायच्या वस्तू दुकानातून गुपचूप, स्वतःच्या पैशाने विकत घेतं. अशा कामाला पैसा लागतो आणि तो वाचकांनीच द्यावा लागतो. मराठीत वस्तूंची स्वतंत्र तपासणी करून छापणारं असं काही आज सर्वांच्या हाती नाही, ही आपल्या ग्राहक चळवळीतली मोठी उणीव आहे. दरमहा ओटीटीचे पैसे भरणाऱ्या मध्यमवर्गाला ती भरून काढता येईल.

मराठीत रील करणाऱ्या मुलामुलींना एक विनंती आहे. जानेवारी २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार पैसे, वस्तू, फुकट जेवण, काहीही घेतलं असेल तर ते ठळकपणे सांगायचं आहे, व्हिडिओत बोलूनही आणि लिहूनही, आणि शिफारस ज्या भाषेत आहे त्याच भाषेत. संपूर्ण रील अस्सल कोल्हापुरी बोलीत आणि कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरांत 'कोलॅब', हे त्या सूचनेत बसत नाही. 'ही जाहिरात आहे, मला याचे पैसे मिळाले आहेत' एवढं मराठीत सांगितल्याने प्रेक्षक दुरावत नाहीत, आणि दुरावले तरी त्यांना ते ठरवण्याचा हक्क आहे.

वाचकांनी दोन गोष्टी कराव्यात. जिथे खरोखर गेलात, जे खरोखर वापरलंत, त्याबद्दल लिहा, आणि तीन तारे देण्यासारखं असेल तर तीनच द्या. काय आवडलं, काय नाही, हे नेमकं लिहिलेला असा एक रिव्ह्यू पन्नास कौतुकांपेक्षा पुढच्याच्या उपयोगाचा असतो. आणि लपवलेली जाहिरात किंवा खोटा रिव्ह्यू दिसला तर नुसतं चडफडत बसू नका, तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे मराठीत बोलता येतं.